दयाबेन नसलेलं गोकुळधाम

कळंबोलीच्या सिडको वसाहतीत वाढलेल्यांना गोकुळधाम सोसायटी शेजारचीच वाटते: गच्ची, गणपती, सेक्रेटरीची सूचना आणि शिकवणी घेणारे भिडे मास्तर. या सोसायटीची मालिका 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. २०१७ मध्ये दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि दयाबेन माहेरी राहिली. मालिका मात्र चालूच राहिली.

मग ती तीच मालिका राहिली का?

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात असाच पेच येतो. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? यांतलं एकही रथ नाही, आणि यांच्यावाचूनही रथ नाही. पुढे दिव्याचं उदाहरण येतं. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी होती तीच नसते, पण वेगळीही नसते.

डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद २०१८ मध्ये गेले, तेव्हा निर्मल सोनी आले. नट्टूकाका झालेले घनश्याम नायक २०२१ मध्ये गेले. ती भूमिकाही दुसऱ्याकडे गेली. ज्योत तेवत राहिली.

दयाची जागा मात्र वर्षानुवर्षं भरली गेली नाही. तिचा नवरा जेठालाल याचं वाट पाहणं हेच कथानक झालं. नसलेलं माणूसही नात्यातून हजर राहतं, हे मला इथे फार खरं वाटतं.

मराठी रंगभूमीने 'वस्त्रहरण' या नाटकात जागा रिकामी न ठेवण्याची वेगळी वाट धरली. तात्या सरपंच अजरामर करणारे मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले. 'वस्त्रहरण'चे प्रयोग त्यानंतरही झाले, नव्या तात्यांसह.