शेकोटी आणि मोळी

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २८, वचनें १ ते ११.



मार्गशीर्ष लागला कीं आपल्या कोंकणपट्टींतील घरांचा दिनक्रम पालटतो. भाताची झोडणी उरकलेली असते, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात, आणि खाचरांतील ओलीवर वाल, पावटा, कुळीथ हीं कडधान्यें डोकें वर काढूं लागतात. मुरुडासारख्या समुद्रकांठच्या गांवीं बर्फ पडत नाहीं कीं पाणी गोठत नाहीं. घाटावरचा मनुष्य आपल्या थंडीस हंसेल. डोंगरावरच्या दापोलींत पारा कधीं कधीं दहा अंशांच्या खालीं उतरतो खरा, पण खालीं किनाऱ्यावर तितका कडाका नसतो. तरी ज्याच्या घराची भिंत कुडाची आहे आणि ज्याच्या चार मुलांत एकच पांघरूण आहे, त्यास पहांटेचें दंव पुरेसें होतें.

म्हणून आंगणांत शेकोटी पेटते. बायकांनीं गोळा केलेला पातेरा, वाळलेल्या झावळ्या, नारळाचीं सोडणें, करवंट्या, जें हातीं लागेल तें तिच्यांत पडतें. आजोबा घोंगडी लपेटून बसतात, मुलें राखेंत रताळें किंवा करांदा पुरून तो भाजण्याची वाट पाहतात, आणि कालच्या दिवसांत घडलेलें सर्व कांहीं तेथें बोललें जातें. वासरूं दावें तोडून कोणाच्या वाडींत शिरलें; विहिरींत घागर पडली व ती काढण्यास गळ कोणाच्या घरून आणला; आंब्याला मोहोर आला पण आभाळ भरून आलें, आतां तुडतुडे पडणार; रात्रीं बिबट्यानें कोणाचा कुत्रा नेला. मोठ्या घडामोडी नव्हेत, पण घर म्हणजे याच गोष्टी. असल्या गोष्टी उपदेशाच्या पानांत कशाला, असें कोणी विचारील तर त्यानें लूकाकडे पाहावें. पौल रोमास कसा पोहोंचला हें सांगण्यास निघालेला हा लेखक वाटेंत थांबतो, आणि एक शेकोटी, एक काटक्यांची मोळी व एक साप यांची हकीगत लिहून ठेवतो.

ही हकीगत नीट समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे समुद्र बंद होतो तो पावसाळ्यांत. आगोट लागली कीं होड्या वर ओढल्या जातात व नारळी पुनवेपर्यंत कोणी शहाणा मनुष्य खोल पाण्यांत जात नाहीं. आतां सरकारही जून व जुलै हे दोन महिने मासेमारी बंद ठेवतें. पौलाच्या समुद्राची गोष्ट उलटी होती. तेथें हिवाळा हीच आगोट. उपासाचा सण होऊन गेला, म्हणजे साधारण आश्विन सरला, कीं तेथील तांडेल गलबतें बंदरांत लावीत व वसंताची वाट पाहात. पौलानें हेंच सांगितलें होतें. शताधिपतीनें त्याचें न ऐकतां तांडेल व गलबताचा धनी यांचें ऐकलें. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं पौल त्यास झगा घेऊन यावयास व हिवाळ्यापूर्वीं निघावयास सांगतो, त्याचेंही मर्म यांत आहे. आपल्या भाषेंत तें ‘आगोटीपूर्वीं ये’ असेंच झालें असतें. हर्णैच्या बंदरांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं.

चौदा रात्री वादळांत काढून गलबत फुटलें. दोनशें शहात्तर माणसें, कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, कांठास लागलीं. त्यांत शिपाई होते, खलाशी होते, बेड्यांतील कैदी होते. बेटाचें नांव मिलिता, हल्लींचें माल्टा. पाऊस पडत होता व थंडी होती. आणि त्या बेटावरील लोकांनीं विस्तव पेटवून त्या सर्वांस जवळ घेतलें.

‘सर्वांस’ या शब्दावर मी तुम्हांस थोडें थांबवितों. लूक त्या लोकांस बर्बर म्हणतो, म्हणजे ज्यांची भाषा ग्रीक नव्हे असे. त्यांनीं शुभवर्तमान ऐकलें नव्हतें, मोशेचें नियमशास्त्र त्यांस ठाऊक नव्हतें. भिजलेल्या माणसांपैकीं कैदी कोण आणि शिपाई कोण, यहूदी कोण आणि रोमी कोण, हें विचारून मग त्यांनीं लांकडें पेटविलीं नाहींत. प्रथम विस्तव, मग चौकशी.

आपल्या देशांत विस्तवाचा इतिहास निराळा आहे. काड्यापेटी घरोघर आली नव्हती तेव्हां सकाळीं शेजारच्या चुलींतून निखारा मागून आणीत, आणि गांवास एखाद्याला शिक्षा करावयाची असली म्हणजे पाणी व विस्तव बंद करीत. न्हावी बंद, धोबी बंद, विस्तव बंद. आपल्यांतील कित्येकांच्या आजोबांनीं बाप्तिस्म्यानंतर हें सोसलें आहे, व ज्यांचे पूर्वज अस्पृश्य गणले जात त्यांस तर बाप्तिस्म्याआधींही कोणाच्या शेकोटीपाशीं जागा नव्हती.

हा विस्तव केवळ आपल्याच लोकांस बंद झाला असें मात्र समजूं नये. मुरुडच्याच एका घरची गोष्ट आहे. धोंडो केशव कर्वे हे या गांवचे. जन्म १८५८ सालचा, घर गरीब. पुढें ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. या गोदूबाई म्हणजे पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस उघडलेल्या शारदा सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी. विवाह पुण्यास झाला, पण त्याचा निखारा मुरुडांत पडला. गांवानें बहिष्कार घातला. कर्व्यांच्या बैठकीस बसावयाचें नाहीं, आणि भावानें त्यांस घरीं ठेवून घेतलें तर भावाच्या घरासही तीच शिक्षा. ज्या आंगणांत लहानपणीं शेकले, त्याच आंगणांत पाऊल टाकावें तर थोरल्या भावाच्या मुलाबाळांवर संकट! आई घरांत, आणि मुलगा गांवचा असून परका. कर्वे खचले नाहींत. १८९६ सालीं त्यांनीं विधवांकरितां आश्रम काढला, १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें, व १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न मिळालें. तोच गांव आतां त्यांचें नांव अभिमानानें सांगतो.

कर्वे ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यांस ओढून आपल्यांत आणण्याची मला इच्छा नाहीं. मिलिता बेटावरचे लोकही ख्रिस्ती नव्हते. लूकानें त्यांच्या उपकाराची नोंद केली ती त्यांचा धर्म विचारून केली नाहीं. याच किनाऱ्यावर १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोटास उतरले. त्यांतील डोनल्ड मिचेल त्याच वर्षीं वारले. पुढें हर्णैसही ठाणें झालें, आणि १८२९ सालीं जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हीं मराठी शिकण्याकरितां इकडेच राहिलीं. त्यांस शब्द कोणी शिकविले, दूध कोणी घातलें, आजारांत पाणी कोणी दिलें? येथील लोकांनींच. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणत्याही अहवालांत नाहींत.

आतां मंडळीस थोडें कठीण बोलतों, तें गोड मानून घ्यावें. दिवाळी झाली कीं डोंगरांतून कातकरी कुटुंबें उतरतात. मुकादमाकडून पावसाळ्यांतच उचल घेतलेली असते, ती फेडण्यास कोणी वीटभट्टीवर जातें, कोणी कोळशाच्या भट्ट्या लावतें. महाराष्ट्रांत ज्या तीन जमाती सरकारनें अतिशय दुर्बळ म्हणून निराळ्या गणल्या आहेत त्यांत कातकरी एक. दुसऱ्या कोलाम व माडिया गोंड. विचार करा, जो मनुष्य दुसऱ्यांच्या शेगडीचा कोळसा पाडतो त्याचींच पोरें पहांटे कुडकुडतात. तीं तुमच्या आंगणाच्या कडेला येऊन उभीं राहतात. त्यांस कोणी हांकलीत नाहीं, हें खरें. पण ‘या, बसा’ असें तरी कोणी म्हणतें काय? याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत अशा एका माणसाची गोष्ट घालतो, जो उघड्या भावाला नुसत्या आशीर्वादानें ऊब देऊं पाहतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत तर देव सावकाराला बजावतो कीं गहाण ठेवलेलें पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वीं परत कर, कारण त्या गरिबानें निजावें कशांत? पांघरुणाचा हिशेब देव ठेवतो. आणि आपण? चटई एकच असली तरी तिच्यावर अजून जुन्या जातीच्या रेघा दिसतात. सोयरीक जुळवितांना पाळकांदेखत न बोलला जाणारा एक प्रश्न घरीं गेल्यावर हळूच विचारला जातोच. ज्यांच्या आजोबांचा विस्तव गांवानें बंद केला, त्यांनीं दुसऱ्यास कडेला उभें ठेवावें, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाहीं.

पुढील भाग मुख्यत्वें उपदेशक बंधूंकरितां आहे. पौल बेड्यांतला कैदी, चौदा दिवसांचा उपाशी, आणि नुकताच बुडतां बुडतां वाचलेला. त्याच्या सांगण्यानें दोनशें शहात्तर जीवांस धीर आला होता. असा मनुष्य शेकोटीजवळ बसून राहिला असता तर कोणी नांव ठेवलें नसतें. पण विस्तव भरपूर असला तरी लांकूड जळत असतें, हें त्याच्या ध्यानांत आलें, व तो काटक्या वेंचण्यास गेला. कित्येक गांवीं मी असें पाहिलें आहे कीं उपदेशक आला म्हणजे खाट त्याला, चहा त्याला, शेकोटीच्या वाऱ्याआडची जागा त्याला. आणि सरपण आणणारी बाई शेवटीं येऊन धुराकडे तोंड करून बसते. लोक प्रेमानें मान देतात, त्यांचा दोष नाहीं. मान घेणाऱ्यानें उठलें पाहिजे.

मोळी विस्तवावर टाकतांच उष्णतेनें साप बाहेर आला व पौलाच्या हाताला डसून राहिला. माल्टा बेटावर माणसाला अपाय करील असा विषारी साप आज नाहीं, म्हणून कित्येक विद्वान या ठिकाणीं शंका काढतात. कोंकणांतील मनुष्यास ती शंका पडणार नाहीं. जांभ्या दगडाच्या खबदाडींत, सरपणाच्या राशींत फुरसें कसें दडून बसतें हें आपण जाणतों. रंग मातीचा, लांबी हातभर.

बेटावरच्या लोकांनीं सापाला पाहून लागलाच न्याय केला : हा खुनी असला पाहिजे, समुद्रांतून वांचला तरी न्याय याला जगूं देत नाहीं. थोडा वेळ गेला, पौल सुजला नाहीं, पडला नाहीं, तेव्हां तेच लोक म्हणाले, हा देव आहे. किती ओळखीचें आहे हें! नव्या विश्वासणाऱ्याचें पोर तापानें फणफणलें कीं गांव म्हणतें, ग्रामदेवतेचा कोप झाला. त्याचा आंबा चांगला धरला कीं तेंच गांव म्हणतें, याच्या देवांत कांहीं जादू आहे. दोन्ही वेळां गांव चुकतें. आणि खरें सांगावयाचें तर घरांतला मनुष्यही मनांत तोच हिशेब करीत असतो : प्रार्थना केली आणि म्हैस मेली, मग आतां कसें? पौलानें पहिल्या निकालाला उत्तर दिलें नाहीं. त्यानें साप विस्तवांत झटकला, आणि तो तेथेंच राहिला. नंतर पुब्ल्याचा बाप ताप व रक्ती आंव यांनीं पडला होता, त्याच्या घरीं तो गेला, प्रार्थना करून त्यानें त्याच्यावर हात ठेवले. ज्या हाताला साप डसला होता, तो हातही त्यांत होता.

येथें एक खुलासा केलाच पाहिजे, नाहींतर माझ्या बोलण्यानें कोणाचा जीव जाईल. पौलास अपाय झाला नाहीं ही देवाची विशेष करणी होती. फुरसें चावल्यावर नुसती प्रार्थना करीत घरीं बसावें, असा त्याचा अर्थ नाहीं. मांत्रिकाकडे जाऊं नये, तसें पाळकाच्या अंगाऱ्यासारखें तेलही मागूं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून दोरी बांधूं नये. फुरशाचें विष रक्त गोठूं देत नाहीं व तें हळूहळू चढतें, म्हणून ‘कांहीं झालें नाहीं’ असें पहिल्या तासांत वाटतें. तेथेंच माणसें फसतात. चावलेला अवयव हालूं न देतां रोग्यास तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांवर चालणारें औषध टोंचतात, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेंत तें पुष्कळ वर्षें तयार होत आलें आहे. वाटेंत प्रार्थना अवश्य करावी. गाडी थांबवून करूं नये.

तीन महिने ते लोक त्या बेटावर होते. समुद्र उघडल्यावर, त्याच बेटाच्या आसऱ्यास हिवाळा काढलेल्या दुसऱ्या एका गलबतांत ते चढले, आणि निघते वेळीं बेटकऱ्यांनीं त्यांस लागणारी शिदोरी गलबतांत भरून दिली.

नाताळापूर्वींच्या आठवड्यांत गांवोगांव रात्रीचीं भजनें होतील. माझी उपदेशक बंधूंस विनंति आहे कीं त्या रात्रीं शेकोटी मंदिराच्या दाराआड न लावतां रस्त्याकडच्या आंगणांत लावावी, आणि भट्टीवरच्या कुटुंबांस दुपारींच जाऊन सांगून यावें कीं मुलांस घेऊन या. एखादें जास्तीचें पांघरूण घरांत असेल तें त्याच वेळीं हातीं द्यावें, चार लोकांपुढें नव्हे. लांकडें कोणीं आणावीं याविषयीं मंडळीची सभा भरवूं नये. उपदेशकानेंच जाऊन आणावीं. मोळी उचलण्यापूर्वीं ती काठीनें हालवून पाहावी.