सरगहून मागे फिरलेला काफिला

इसवी सन ६३९च्या सुमाराची गोष्ट. खलिफा हजरत उमर मदिनेहून शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या परिसराकडे निघाले होते. हिजाजच्या सीमेवरच्या सरग या मुक्कामाला काफिला पोचला, तेव्हा तिकडचे सेनापती बातमी घेऊन सामोरे आले : शाममध्ये प्लेग पसरला आहे. उमर यांनी सोबतच्या जाणत्यांना जमवलं. काहीजण म्हणाले, इतक्या लांब कामासाठी आलो, आता मागं फिरायचं नाही. काहींचं म्हणणं होतं, एवढ्या माणसांना रोगाच्या तोंडी देऊ नका. शेवटी उमर यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्याचा हुकूम दिला.

तेव्हा अबू उबैदा बिन जर्राह पुढं आले. शामच्या सैन्याचे ते प्रमुख आणि उमर यांना अत्यंत जवळचे. त्यांनी थेट विचारलं, अल्लाहनं लिहिलेल्या नशिबापासून पळून चाललात का? उमर यांनी दिलेलं उत्तर मुस्लिम घरांत आजही सांगितलं जातं. आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा त्याचा आशय. पुढं त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठंही चारा, चारणं अल्लाहच्या मर्जीनंच होतं. म्हणून काही कुणी ते उजाड उतारावर नेत नाही.

एवढ्यात पैगंबरांचे एक सोबती अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. एखाद्या मुलखात साथ आहे असं कळलं तर तिथं जाऊ नये, आणि आपण असलेल्या ठिकाणीच साथ आली तर तिथून पळूनही जाऊ नये. उमर परतले. अबू उबैदा आपल्या सैन्याकडे गेले. पुढं खलिफांनी बोलावूनही ते सैन्य सोडून गेले नाहीत आणि अमवासची साथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच प्लेगमध्ये वारले.

ही कथा श्रद्धा विरुद्ध शहाणपण अशी सांगायची सवय आहे. नीट पाहिलं तर ती तशी नाही. एकच नियम एकाला मागं फिरवतो आणि दुसऱ्याला जागेवर रोखतो. कुणी कुणाला भित्रा म्हटलं नाही, की वेडाही म्हटलं नाही. आपल्या पावलामुळं आणखी कोण धोक्यात येईल, हा प्रश्न दोघांपुढं सारखाच होता.

धोका माहीत असलेल्या देशात जाताना जीव सांभाळणं ही श्रद्धेतली उणीव आहे का, हा प्रश्न दरवर्षी हजच्या काळात लाखो घरांत उभा राहतो. २०२४च्या जूनमध्ये तो फार क्रूरपणे उभा राहिला. १७ जूनला मक्केच्या मोठ्या मशिदीत पारा ५१.८ अंश सेल्सिअसवर गेला. त्या वर्षी सुमारे १८ लाख माणसं हजला होती. सौदी सरकारनं जाहीर केलेला मृतांचा आकडा १,३०१. त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. अधिकृत पॅकेजचा खर्च परवडत नाही, म्हणून यांतले बरेचजण भेटीच्या व्हिसावर आले होते. थंड हवेचे तंबू आणि बस परवानाधारकांसाठी असतात. बाकीचे तापलेल्या रस्त्यावरून मैलोन्‌मैल चालत राहिले. म्हातारे होते, मधुमेह आणि हृदयविकाराचे रुग्ण होते.

या मृत्यूंना केवळ नशीब म्हणून मोकळं होता येत नाही. कुराणातच हज सक्तीचं आहे ते ज्याची तिथवर पोचण्याची ऐपत आहे त्याच्यासाठी. या ऐपतीला फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, भाषेत ‘इस्तिताअत’ म्हणतात. पैसा, प्रकृती आणि वाटेतली सुरक्षितता या तिन्ही गोष्टी धर्मशास्त्रींनी तिच्यात मोजल्या. पण आयुष्यभर पै-पै साठवणाऱ्या माणसाकडे पैसा जमतो तो साठीनंतर. तेव्हा गुडघे गेलेले असतात, रक्तदाब जडलेला असतो. ऐपतीची एक बाजू भरेपर्यंत दुसरी रिकामी होते. अशा माणसाला ‘तुझ्यावर हज फर्ज नाही’ असं सांगणं सोपं नाही. तो ऐकतो, मान डोलावतो आणि तरी निघतो.

एक इच्छा मात्र कुठल्याही आरोग्यपत्रकात सापडत नाही. अनेक वृद्धांना मक्केच्या मातीतच मूठमाती मिळावी असं मनापासून वाटतं. त्या इच्छेला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. पण मरण तिथं यावं ही प्रार्थना वेगळी आणि औषधांची पिशवी मुद्दाम घरी ठेवून निघणं वेगळं. पहिली गोष्ट माणूस अल्लाहवर सोपवतो. दुसऱ्या गोष्टीत निर्णय तो स्वतःच घेऊन टाकतो.

खुद्द इहरामचे, म्हणजे हाजीनं धारण करायच्या पवित्र अवस्थेचे, नियमही शरीराला विसरलेले नाहीत. इहराममध्ये पुरुषानं डोकं झाकायचं नसतं, म्हणून टोपी चालत नाही. छत्री मात्र चालते, कारण ती डोक्याला टेकत नाही. अराफातच्या मैदानावर दिसणारा छत्र्यांचा समुद्र हा या बारीक भेदाचा प्रसाद आहे. इहराममध्ये केस काढायलाही मनाई असते. पण हुदैबियाच्या मुक्कामात काब बिन उजरा या सोबत्याच्या डोक्यातल्या उवा तोंडावर गळताना पैगंबरांनी पाहिल्या आणि त्याला डोकं भादरायला सांगितलं. बदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा एक कुर्बानी, यातलं काहीही चालणार होतं. डोक्यातल्या उवांसाठी धर्मानं वाट करून दिली, तर इन्सुलिनसाठी आणि पाण्याच्या बाटलीसाठी ती बंद कशी असेल?

हजमधलं दुखणं हजपुरतं राहत नाही, हा याहून जड मुद्दा. १८६५ साली मक्केत कॉलरा पसरला. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार दगावले. परतणाऱ्यांबरोबर साथ सुएझमार्गे इजिप्तला आणि तिथून युरोपात पोचली. दुसऱ्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि पुढं तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींसाठी विलगीकरणाचा तळ उभा राहिला. मुंबईहून निघालेली हजची जहाजं तिथं थांबत. मुंबईत प्लेग आल्यावर १८९७ साली सरकारनं इथून हजला जाणंच बंद केलं. त्या बंदोबस्तात अपमान होता. गोरा अधिकारी गरीब हाजीकडे रोगाचं गाठोडं म्हणूनच बघायचा. पण अपमान खरा होता तसा जंतूही खरा होता.

२०००च्या हजनंतर मेंदुज्वराच्या डब्ल्यू १३५ या प्रकाराची लागण परतलेल्या हाजींच्या घरच्यांना झाली. हजला न गेलेली माणसंही आजारी पडली. २००२पासून सौदी अरेबियानं चार प्रकारांविरुद्धची लस सक्तीची केली. ती निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. मुंबईच्या हज हाउसमधून सूत्रं हलणाऱ्या हज कमिटीच्या यात्रेकरूंना या लसीबरोबर पोलिओचा डोसही देतात. अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सरगला सांगितलेल्या नियमाचा दुसरा अर्धा भागच त्या सुईत आहे : इथलं दुखणं तिथं न्यायचं नाही आणि तिथलं इथं आणायचं नाही.

२०२०च्या कोरोनात हजला जेमतेम हजारभर माणसांना प्रवेश मिळाला. त्याच्या महिनाभर आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसनं पंढरपूरला गेल्या होत्या. दोन्हीकडे घरी राहिलेल्यांचे डोळे पाणावले. दोन्हीकडच्या जाणत्यांनी घरी राहणं ही सेवाच मानली.

आणि ज्यांना जाणं जमणारच नाही, त्यांच्यासाठी ‘हज-ए-बदल’ आहे. त्यामागची हकीकत पैगंबरांच्या अखेरच्या हजमधली, इसवी सन ६३२ची. खसअम टोळीतली एक तरुणी वाटेत त्यांच्याकडे आली. वडिलांवर हज फर्ज झालं होतं, पण ते इतके थकले होते की सांडणीवर नीट बसणंही त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या वतीनं मी हज करू का, असं तिनं विचारलं. पैगंबर हो म्हणाले. म्हाताऱ्यानं घरीच राहावं आणि त्याचं हज लेकीनं करावं, याला मुभा मिळाली.