परक्याच्या मनाला हात घालताना

दुःखी माणसाचे ऐकून घ्यायला पदवी कशाला हवी, हा प्रश्न शिक्षणाचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे. १९२६ मध्ये व्हिएन्नात तो ऐरणीवर आला. मानसशास्त्रात डॉक्टरेट असलेले थिओडोर राइक वैद्यकीय परवान्याशिवाय मनोविश्लेषणाचे उपचार करतात, असा त्यांच्यावर आरोप होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांची बाजू घेत त्याच वर्षी एक पुस्तक लिहिले. मनोविश्लेषक डॉक्टरच असला पाहिजे, हे फ्रॉइड यांना मान्य नव्हते. पण मनोविश्लेषणाचे खास शिक्षण न घेतलेला डॉक्टरही त्यांच्या लेखी अपात्रच होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स १९५७ मध्ये याच्याही पुढे गेले. खरी समानुभूती, निखळपणा आणि विनाअट स्वीकार असेल तर विशेष व्यावसायिक ज्ञान ही बदलासाठी आवश्यक अट नाही, असे त्यांनी मांडले.

भारतातला कायदा शिक्षणाच्या बाजूने आहे, आणि ते योग्यच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता तरी हवी, नाहीतर मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. तरी हवे. या दोन वर्षांत देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावे लागते.

ही देखरेख म्हणजे शिक्षणाचा गाभा. समोरची बाई रडू लागताच शिकाऊ उमेदवार घाईघाईने म्हणतो, “सगळं ठीक होईल.” नंतर नोंदवही वाचताना मार्गदर्शक विचारतात, “हा दिलासा कुणाला हवा होता? त्यांना, की तुम्हाला?” असे प्रश्न वर्षानुवर्षे झेलल्यावरच स्वतःची अस्वस्थता आणि समोरच्याचे दुःख वेगळे काढता येते. नुसत्या चांगुलपणाने ते जमत नाही. मुंडकोपनिषदानेही गुरूसाठी श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ अशा दोन अटी घातल्या: शास्त्राचे अध्ययन हवे आणि निष्ठाही हवी.

या पात्रतेची किंमत मात्र मोठी आहे. बारावीनंतर सात-आठ वर्षे जातात, जागा थोड्या, आणि मिळकत उशिरा सुरू होते. त्यातच २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे ठरवल्यामुळे जुनी वाट मोडून नवी आखावी लागली. घरून आधार नसलेली हुशार मुले मधेच गळतात. दुसरीकडे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र घेऊन समुपदेशकाची पाटी लावणारे मात्र लवकर स्थिरावतात. हा अन्याय उमेदवारावर होतो, तसाच मदतीसाठी दार ठोठावणाऱ्यावरही.

कारण त्या खोलीत दोघांचे बळ सारखे नसते. एकाने सगळे सांगितलेले असते, दुसऱ्याने काहीच नाही. कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती उघड करण्याची मुभाही ठेवली आहे. रागाच्या भरात भावाला संपवण्याची भाषा करणारा तरुण खरेच तसे करील का, हे ठरवायला त्या क्षणी कलम हाताशी असते, उत्तर नसते. गप्प राहिले तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो. बोलले तर त्या तरुणाचा विश्वास कायमचा तुटू शकतो.