दोन किताबांचा धनी

निवृत्त मुन्सफ दादासाहेब सध्या स्कॉटलंडचा इतिहास वाचीत आहेत, आणि इतिहासातील माणसांना पिंजऱ्यात उभे करण्याची त्यांची जुनी खोड अद्याप गेलेली नाही. परवा पाळी आली ती आर्गाइलचा दुसरा ड्यूक जॉन कॅम्पबेल याची.

"ज्याने १७०५ साली, वयाची पंचविशीही गाठली नसता, अ‍ॅन राणीचा मुखत्यार होऊन एडिंबरोच्या पार्लमेंटकडून इंग्लंडशी एकीकरणाच्या वाटाघाटींना मान्यता मिळविली, आणि त्या चाकरीबद्दल ग्रीनिचचा अर्ल हा इंग्रजी किताब पदरात पाडून घेतला, त्यानेच १७१३ मध्ये लॉर्डांच्या सभेत ते एकीकरण रद्द करा म्हणावे, याला तुम्ही काय म्हणाल?"

"करारनामा आधी कोणी मोडला ते पाहा," मी म्हणालो. "फ्रान्स-स्पेनशी युद्ध चालू असेतो स्कॉटलंडातील माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवावर, कर बसवू नये असे कलम होते, पण स्पेनशी तह पुरा होण्याआधीच तो बसविला गेला. ठराव मांडणारा फिंडलेटर तर एकीकरणाच्या वेळचा स्कॉटलंडचा चॅन्सेलरच! ठराव पडला तो अवघ्या चार मतांनी."

"पडला ना? मग दोनच वर्षांनी मारच्या अर्लने पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचे निशाण उभारताच, आपल्या दुपटीहून मोठ्या बंडखोर फौजेला शेरिफम्यूरवर अडवायला हाच गृहस्थ कसा गेला?"

"दावा फेटाळला गेला म्हणून पक्षकाराने कचेरीला आग लावावी, असे आपणच कधी म्हणाला नसता."

दादासाहेब हसले, पण सोडणारे नव्हते. "ठीक. आता कागद नीट वाचा. एकीकरणानंतर स्कॉटलंडच्या साऱ्या सरदारांत मिळून लॉर्डांच्या सभेत जागा सोळा, त्याही निवडणुकीच्या. तुमचा ड्यूक मात्र ग्रीनिचच्या किताबावर हक्काने बसलेला. एकीकरण राहो वा मोडो, त्याची गादी अढळ. ज्याचे काहीच जाणार नाही, त्याच्या बाणेदारपणाची किंमत किती धरावी?"

हा मुद्दा मला सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. थोडे थांबून म्हणालो, "ज्याचे जाणार नाही त्यालाच निर्भयपणे बोलता येते, असेही असेल. आणि पदे तर त्याची पुष्कळदा गेली. बंड मोडल्यावर पराभूतांशी सौम्यपणे वागावे असे त्याचे मत, आणि बंडाच्या पुढच्याच वर्षी त्याचे अधिकार काढून घेतले गेले. एडिंबरोच्या शहर-पहाऱ्याचा कप्तान पोर्टियस याला जमावाने फासावर चढविले म्हणून १७३७ साली एडिंबरो शहराला शिक्षा करण्याचे विधेयक आले, तेव्हाही हा सरकारविरुद्ध उभा राहिला."

"त्याच इंग्रजी जागेवरून?"

"त्याच."

दादासाहेबांनी चष्मा पुसला, आणि निकाल राखून ठेवला.