मैत्रीचे देणे

परदेशी गेल्यावर जुन्या मित्राची आठवण हमखास होते, ही गोष्ट मैत्रीला भूषणावह आहे की लाजिरवाणी, या प्रश्नाने गेले काही महिने आमचा पिच्छा पुरवला आहे. ज्यांची मुले, भावंडे वा सोबती आखातात, कॅनडात किंवा इटलीत आहेत, त्या वाचकांना हा प्रश्न निव्वळ पुस्तकी वाटणार नाही.

२०२५ हे ज्युबिली वर्ष. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही उभयतां वसईच्या एका यात्रेकरू गटासमवेत रोमला गेलो. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आम्हाला आठवले की, रोममध्ये आपला एक मित्र आहे. 'आठवले' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, कारण त्याचा विसर पडला होता हे त्यातच आले. तरुणपणी आम्ही तिघे एकाच चर्चच्या गायनवृंदात होतो. नाताळच्या गाण्यांची तालीम आटोपली की त्याच्या घरी जायचे आणि त्याच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी व सुक्या बोंबलांचे कालवण पोटभर खायचे, हा आमचा शिरस्ता. १९९१ साली तो कामासाठी इटलीला गेला. पहिली काही वर्षे पत्रे आली-गेली, मग नुसती नाताळची कार्डे, पुढे तीही थांबली. अलीकडे सणासुदीला मोबाईलवर फुलांची चित्रे तेवढी इकडून तिकडे जात. त्या चित्रांनी मैत्री राखली नाही; ती राखल्याचे समाधान मात्र आम्हाला फुकटात मिळवून दिले.

खरे सांगायचे तर, तो आठवला तो त्याच्यासाठी नव्हे. शहराची माहिती असलेला, आपल्या भाषेत बोलणारा कोणीतरी आम्हाला हवा होता. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन भाग मैत्रीला दिले आहेत. उपयोगासाठी जडलेली, सुखासाठी जडलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली, असे मैत्रीचे तीन प्रकार तो मानतो. आमच्या त्या फोनची जागा पहिल्या प्रकारात, हे कबूल करणे भाग आहे. तोच पुढे म्हणतो की, अंतरामुळे मैत्री तुटत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो. परंतु विरह फार लांबला तर मैत्रीचेच विस्मरण होते. एकत्र मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची एक ग्रीक म्हणही तो देतो. मीठ आम्ही पुष्कळ खाल्ले होते. त्याला जागण्याचा प्रश्न राहिला होता.

रोममध्ये वृद्धांची शुश्रूषा आणि घरकाम करणाऱ्या परदेशी मंडळींना रविवारखेरीज गुरुवारची दुपार मोकळी मिळते. आमचा मित्र एका नव्वदीच्या गृहस्थांची देखभाल करतो. त्याने आपली गुरुवारची दुपार आम्हाला दिली. तेर्मिनी स्थानकाबाहेर त्याला आम्ही ओळखले नाही. त्याने आम्हाला दुरून ओळखले, तेही चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरून. पहिली दहा मिनिटे अवघड गेली. गावातले कोण गेले, कोणाचे लग्न झाले, याची यादी संपली आणि आता पुढे काय बोलावे, असा पेच तिघांनाही पडला. अशा वेळी माणसे प्रेक्षणीय स्थळांचा आधार घेतात. तो आम्हाला जेझू चर्चमध्ये घेऊन गेला.

येशूसंघाचे हे मातृमंदिर. डाव्या बाजूच्या वेदीखाली संत इग्नाशियस लोयोला यांचा देह आहे. बरोबर समोर, उजव्या बाजूच्या वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर यांच्या उजव्या हाताचा पवित्र अवशेष आहे. देह गोव्यात, हात रोममध्ये. पॅरिसच्या विद्यापीठात हे दोघे एका खोलीत राहिले होते. १५४० च्या मार्चमध्ये झेवियर रोम सोडून निघाले, १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरले, आणि दोघांची या जगात पुन्हा भेट झाली नाही. सोबत्यांनी स्वहस्ते केलेल्या सह्या त्यांच्या पत्रांवरून कापून झेवियर त्या जवळ बाळगीत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १५५३ च्या जूनमध्ये इग्नाशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र धाडले. झेवियर त्यापूर्वीच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर निवर्तले होते. रोमला त्याची वार्ता नव्हती. आज त्या दोघांत अंतर आहे ते केवळ मंदिराच्या रुंदीएवढे.

हे सारे आम्ही आमच्या मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाला, "आई गेली तेव्हा मला निघता आलं नाही. पुतण्याने मोबाईलवर सगळा अंत्यविधी दाखवला. त्या गर्दीत मी तुम्हा दोघांना शोधत होतो."

आम्ही नव्हतो. २०२३ साली त्याची माउली गेल्याचे आम्हाला कळले होते. त्या दिवशी बोरिवलीला एक साखरपुडा होता. तीस वर्षांहून अधिक काळ ती बाई आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती, आणि या सबंध काळात आम्ही तिच्या ओट्यावर किती वेळा गेलो, हे मोजायला एका हाताची बोटे पुरेशी आहेत. मुलाला भेटण्यासाठी समुद्र ओलांडला. आईला भेटायला दोन वाड्या ओलांडवल्या नाहीत.

यावर बचाव सुचत नाही असे नाही. मैत्री त्याच्याशी होती, त्याच्या कुटुंबाशी नव्हे. त्याने कधी तसे सांगितलेही नव्हते. मनुष्याने जुन्या ओळखी तरी किती निभावाव्यात? ॲरिस्टॉटलसुद्धा पुष्कळांशी खरी मैत्री शक्य नाही असेच म्हणतो. पण हा झाला संख्येचा युक्तिवाद. येथे प्रश्न एका माणसाचा होता. जो देशांतराला जातो, तो आपली काही कर्तव्ये नाइलाजाने मागे ठेवून जातो आणि न सांगताच मित्रांकडे पाहतो. ते देणे कागदावर नसते, म्हणूनच ते चुकवणे सोपे जाते. झेवियरविषयी जुन्या प्रवचनांत एक कथा असे: लिस्बनला जाताना ते घरावरून गेले, परंतु वैराग्यामुळे आईला भेटले नाहीत. वस्तुस्थिती अशी की, त्यांची आई १५२९ सालीच वारली होती. लहानपणापासून ही कथा आम्हाला थोर वाटत आली. त्या पायऱ्यांवर ती प्रथमच निष्ठुर वाटली, आणि ती खोटी आहे याचे बरे वाटले.

आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, "मी तरी कुठे आलो? दोनदा रजेवर येऊन गेलो, तुमच्या दारावरून गेलो. म्हटलं, पुढच्या खेपेला." यानंतर मात्र बोलणे अडले नाही. रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत हिंडलो. अर्धवट आठवणारी नाताळची गाणी त्याने पूर्ण करून दिली. आमचा गट त्या दुपारी बाजारहाटाला गेला होता. साडेसातला त्याला त्या वृद्ध गृहस्थांना जेवण भरवायचे होते, म्हणून तो धावतच बसकडे गेला.

वसईला परतल्यावर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, आम्ही त्याच्या आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेलो. थडगे कोठे आहे ते दुसऱ्याला विचारावे लागले. मिस्सा संपल्यावर दफनभूमीतून आम्ही त्याला फोन लावला आणि मोबाईल थडग्याकडे धरला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "जरा डावीकडे धरा. तिथे बाबांचं आहे, तिथेही एक लावा." आमच्याजवळ दुसरी मेणबत्ती नव्हती. शेजारच्या थडग्याजवळ उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्यातली एक काढून दिली.