गोणी आणि हमाल

'टॉलरेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'सहन करणे' असा सांगून आपण मोकळे होतो. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेला हा शब्द लॅटिन 'टोलेरारे'पासून निघाला, आणि त्याचा मूळ अर्थ भार वाहणे, पेलणे. याच प्राचीन धातूपासून संस्कृतातील 'तुला' झाली. आपले 'तोलणे'ही त्याच कुळातले. हिब्रूचे कूळ अगदी निराळे, तरी कल्पना तीच. 'सबाल' म्हणजे हमाल, 'सेवेल' म्हणजे यातना, 'सावलानुत' म्हणजे धीर आणि 'सोवलानुत' म्हणजे सहिष्णुता. निर्गमच्या पुस्तकात मिसर देशातील आपल्या पूर्वजांच्या बिगारीला जो शब्द योजला आहे, तोही याच धातूचा.

म्हणजे 'आम्ही तुम्हांला सहन करतो' असे म्हणणारा स्वतःला हमाल ठरवतो आणि समोरच्याला गोणी! हमालाच्या कष्टांचे कौतुक होते. गोणीला कोण विचारतो?

इंग्लंडच्या १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने चर्चपासून फुटलेल्या प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली, पण कॅथलिकांना वगळले. १७८२ साली सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नाच्या यहुद्यांना शाळा व धंदे खुले केले. सार्वजनिक सभास्थान बांधण्यास मात्र मनाई! हंगेरीत तर अठराव्या शतकात यहुद्यांकडून 'सहिष्णुता कर' घेत. हमालाने गोणीकडूनच हमाली वसूल करावी, तसला प्रकार. म्हणूनच १७९० साली न्यूपोर्टच्या यहुदी मंडळीला पाठविलेल्या उत्तरात जॉर्ज वॉशिंग्टनने, एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला हक्क मिळतात ही भाषाच आता संपली, असे कळविले, ते मला मोठे वाटते.

आपल्या लोकांनाही हा फरक ठाऊक आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये बेने इस्राएल धरणे धरून बसले, ते विवाहाच्या बाबतीत आपल्याला इतरांसारखेच यहुदी मानावे म्हणून. चालवून घ्या, अशी विनंती ती नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कनेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असा ठराव केला.

तरी हा शब्द मी टाकाऊ मानीत नाही. सासू-सुनेचे, भावाभावांचे, एका जिन्यावर राहणाऱ्यांचे सहन केल्यावाचून चालत नाही. तिथे आज तुम्ही माझे ओझे उचलता, उद्या मी तुमचे. पण नवा शेजारी येतो, त्याची भाषा आणि स्वयंपाकाचा वास वेगळा असतो, तेव्हा 'काय करणार, चालवून घेतो' असे आपणही म्हणतोच की! आपल्या घरी सुकी मासळी तळली जाते, तेव्हा दाराआड तोही बहुधा हेच म्हणत असेल.