निकड आणि हक्क

माणूस वयात कधी येतो? कायदा सांगतो, अठराव्या वर्षी. शरीयत शरीराच्या खुणा पाहते. आमच्या वस्तीत मात्र मूल वयात यायचे ते घरी आलेली पहिली नोटीस वाचून दाखवताना. बापाने कागद पुढे धरायचा आणि सातवी-आठवीतल्या पोराने 'सात दिवसांच्या आत' हे शब्द मोठ्याने वाचायचे. बापाचा चेहरा उतरलेला पाहिला की त्या पोराचे बालपण तिथेच संपायचे.

आमची वस्ती उल्हासनगर-अंबरनाथच्या हद्दीवर, वालधुनीच्या काठाला होती. अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी उल्हासनगरात पोहोचेपर्यंत नाला होते. अब्बा १९९६ साली बीडकडून आले आणि फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करू लागले. शेजारचे चाचा जीन्स शिवायचे. तेही त्याच साली, त्याच गाडीने आलेले.

२६ जुलै २००५ च्या पुरात वस्ती बुडाली. मग पात्र रुंद करायचे ठरले आणि पाहणी सुरू झाली. झोपडी पात्र ठरण्यासाठी त्या वेळी तारीख होती १ जानेवारी १९९५. मी पंधरा वर्षांचा होतो. अक्षर बरे, म्हणून गल्लीतले अर्ज मीच भरायचो.

अब्बांच्या सेठनी १९९४ पासून कामाला असल्याचा दाखला दिला. सेठ सिंधी, फाळणीनंतर आईचे बोट धरून कराचीहून आलेले. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांना ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. त्या बराकीतच सेठ वाढले. दाखल्यावर सही करताना म्हणाले, "रजिस्टर में नाम तो हमारा भी लिखा था. पर निकालने के लिए नहीं, बसाने के लिए."

मी अब्बांच्या अर्जात १९९४ लिहिले. मग चाचांचा अर्ज घेतला आणि विचारले, "चाचा, चौऱ्याण्णव लिहू?" ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "बेटा, जो है वोच लिख." त्याच पेनाने मी १९९६ लिहिले.

यादीत आमचे नाव आले, त्यांचे आले नाही. पावसाळा सरल्यावर चाचांनी शिलाई मशीन हातगाडीवर चढवले आणि ते बदलापूरच्या पुढे भाड्याच्या खोलीत गेले. रस्त्यापर्यंत गाडी मीच ढकलली. त्यांनी मला बोल लावला असता तर बरे झाले असते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. छपरासाठी बोललेले खोटे हा गुन्हा आहे का? जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणेल की खोटे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. हे वाक्य चाचांच्या तोंडी शोभते, कारण त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. ज्याच्या डोक्यावर पक्के छप्पर आहे त्याने ते बेघराला ऐकवू नये. फिक्हमध्ये एक प्रसिद्ध तत्त्व आहे: निकड निषिद्ध गोष्टीलाही मुभा देते. कित्येक वर्षे मी या तत्त्वाच्या आडोशाला उभा होतो. पुढे त्याचे जोडतत्त्व वाचनात आले: निकडीमुळे दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. भुकेलेल्याने दुसऱ्याची भाकरी खाल्ली तर त्याला पाप लागत नाही, पण भाकरीची भरपाई द्यावीच लागते.

आम्ही चाचांची जागा घेतली नाही, हे खरे. पण खोटे टिकले आणि खरे उघड्यावर पडले. ते मी पाहिले आणि गप्प राहिलो. माझ्यावरचे देणे त्या गप्प राहण्याचे आहे.

तीच कसोटी शहरालाही लावून पाहू. नाला रुंद करणे ही निकड होती. पुरात आमचीच माणसे बुडत होती. पण त्या निकडीने चाचांचा निवाऱ्याचा हक्क कसा संपतो? तारखेने? ती तारीख तर पुढे १ जानेवारी २००० वर सरकली. शेकडो अनधिकृत इमारतींवर हातोडा पडणार असे दिसताच २००६ साली खास उल्हासनगरसाठी कायदा झाला आणि दंड भरून बांधकाम नियमित करण्याची वाट निघाली. त्या इमारतींतल्या माणसांना घर मिळाले याचे मला दुःख नाही. तेही घाबरलेलेच होते. पण माणसाने ठरवलेली तारीख माणसाला सरकवता येते, एवढे त्यातून कळले. पुनर्वसन ही मेहेरबानी नसून घेतलेल्या भाकरीची भरपाई आहे, हेही कळले.

आणि मी स्वतः? उल्हासनगरच्या नळाला येणारे पाणी एमआयडीसीचे. त्यामागे बदलापूरजवळचे बारवी धरण आहे. त्या धरणाची उंची वाढत गेली तशी मुरबाड तालुक्यातल्या आदिवासींची घरे आणि शेते पाण्याखाली गेली. आम्ही उठवले गेलेले लोक, पण तांब्याभर पाणी पितो तेही कुणाला तरी उठवून आलेले. आपल्यावरचा अन्याय कळणे म्हणजे वयात येणे, असे मला पूर्वी वाटायचे. आता वाटते, ती फक्त सुरुवात आहे. आपल्या वाट्याच्या सुखात कुणाचा हक्क अडकला आहे हे दिसू लागते, तेव्हा माणूस खऱ्या अर्थाने वयात येतो.

चाचा आता नाहीत. त्यांचे देणे फेडायला मला उशीर झाला. रविवारी मी अजून लोकांचे अर्ज भरतो. साल विचारतो आणि ते सांगतील तेच लिहितो. मात्र यादी लागली की आता घरी बसत नाही. ज्याचे नाव वगळले गेले, त्याचे दार शोधत जातो आणि त्याचे अपील लिहायला बसतो.